पडद्यावरचा दिवा मंद होत नाही

"मॅडम, आपलं सामान खराब आहे," असा निकाल अकरावीच्या वर्गाने एकमताने दिला. आदल्या दिवशी प्रोजेक्टरवर त्यांनी घटाला एक दिवा जोडला होता, मग त्याला समांतर दुसरा, मग तिसरा. तिन्ही दिवे सारख्याच तेजाने लागले. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत टॉर्चचे छोटे बल्ब आणि पेन्सिल सेल घेऊन तीच जोडणी केली, तर दुसरा बल्ब लावताच पहिला मिणमिणला आणि तिसरा लावल्यावर तिन्ही तांबूस पडले. बल्ब बदलून झाले, वायरी खरवडून झाल्या, होल्डर पिळून झाले. असं का होतंय, हे मात्र कोणी विचारलं नाही. पडद्यावर दिसलं ते बरोबर आणि टेबलावर दिसतंय ते बिघडलेलं, याबद्दल कोणाच्या मनात शंकाच नव्हती.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी भौतिकशास्त्र शिकवते. फुकट मिळणारी सॉफ्टवेअरं वर्गात वापरून मला बराच काळ झाला आहे. ती वापरू नका, असं सांगायला मी बसलेली नाही. ती नसती तर आमच्यासारख्या ठिकाणी कित्येक धडे खडू-फळ्यावरच संपले असते. पण त्या निकालानंतर ती वापरण्याची माझी रीत बदलली. नव्याने प्रोजेक्टर हाती आलेल्या शिक्षकांना ती कदाचित उपयोगी पडेल.

आधी दिव्यांचं. आम्ही वापरलं ते 'फेट'चं परिपथ जोडणीचं सिम्युलेशन. त्यातल्या घटाचा अंतर्गत रोध आपण काही बदल केला नाही तर शून्य असतो. तारांचा रोध नगण्य असतो. दिवा म्हणजे १० ओहमचा रोध, तो थंड असो की गरम. अशा जगात समांतर कितीही दिवे जोडा, प्रत्येकाला पूर्ण विभवांतर मिळणार आणि कोणीही मंद होणार नाही. आमच्या कपाटातल्या जुन्या सेलना मात्र अंतर्गत रोध होता, चांगला एखाद-दोन ओहमच्या घरातला. जास्त बल्ब म्हणजे जास्त धारा, जास्त धारा म्हणजे सेलच्या आतच जास्त व्होल्ट खर्च, आणि बाहेर उरलं ते तिघांत सारखंच कमी. शिवाय खऱ्या बल्बच्या टंगस्टन तारेचा रोध थंड असताना गरमच्या साधारण दहावा भाग असतो, ती गंमत वेगळीच.

यातलं काहीही फेटने लपवलेलं नाही. त्याच सिम्युलेशनमध्ये घटाचा अंतर्गत रोध वाढवण्याची सोय आहे, तारांचा रोध वाढवण्याची आहे, आणि खऱ्यासारखा वागणारा बल्बही घेता येतो. फक्त ते शोधावं लागतं, आणि शोधायचं कारण मुलांना मिळालेलं नव्हतं. अंतर्गत रोधाची सरकपट्टी थोडी उजवीकडे नेली आणि पडद्यावरचे दिवेही मंद झाले, तेव्हा वर्गात जो आवाज झाला तो मला आदल्या दिवशीच्या लखलखाटापेक्षा जास्त आवडला. मग मुलांनी स्वतःच उलटा प्रश्न काढला: सरकपट्टी कुठे ठेवली की पडद्यावरचे दिवे आपल्या टेबलावरच्या बल्बांइतके मंद होतील? म्हणजे कपाटातल्या सेलचा अंतर्गत रोध त्यांनी अंदाजाने मोजलाच की.

तेव्हापासून माझा एकच आग्रह असतो. पडद्यावर हलतं ते कोणीतरी मांडलेलं समीकरण असतं. मांडणाऱ्याने काही गोष्टी धरलेल्या असतात, काही सोडलेल्या. चित्र छान आहे, हे मुलांना सांगावं लागत नाही. त्यात काय सोडलंय ते त्यांना शोधायला लावावं लागतं. हे शोधणं ज्या तासाला होत नाही, तो तास करमणुकीचा झाला असं मी समजते. करमणुकीलाही माझी हरकत नाही, पण ती शनिवारी.

आता हे सगळं येतं कुठून, ते थोडक्यात. फेट हा प्रकल्प अमेरिकेत बोल्डर इथल्या कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये कार्ल वीमन यांनी सुरू केला. बोस-आइन्स्टाइन घनीभवनाच्या कामाबद्दल त्यांना आदल्याच वर्षी, २००१ मध्ये, दोघांबरोबर नोबेल मिळालं होतं. असा माणूस पहिल्या वर्षाच्या मुलांना भौतिकशास्त्र का कळत नाही याच्या मागे लागला, याचं मला अजून नवल वाटतं. फेटची पुष्कळ सिम्युलेशनं मराठीतही आहेत. मराठी माध्यमातून दहावी करून अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तकात पडलेल्या मुलांना त्याचा फार आधार वाटतो.

फेटच्या आधी आमच्याकडे विकत घेतलेला 'डिजिटल वर्ग' होता. कोणत्या कंपनीचा, ते राहू द्या. त्यात तरंगाचं चित्रण होतं, निवेदकाचा आवाज भारदस्त होता, आणि मुलांच्या हातात करण्यासारखं काही नव्हतं. वारंवारता वाढवली तर काय होईल, असं विचारलं तर ते चित्रण फक्त पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. पुढे ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार संपला आणि त्या प्रकारचे कितीतरी धडे उघडेनासे झाले. फेटचीही जुनी सिम्युलेशनं फ्लॅश आणि जावामध्येच होती. पण त्यांनी त्यातली बरीचशी एकेक करून साध्या ब्राउझरवर चालतील अशी नव्याने लिहून काढली. ज्याचा कोड उघडा असतो त्याला दुरुस्त करणारा कोणीतरी सापडतो. बंद डब्यातलं सॉफ्टवेअर कंपनीबरोबर जातं.

या नव्या सिम्युलेशनांची व्यवहारातली एक मोठी सोय पुष्कळांच्या लक्षात येत नाही. प्रत्येक सिम्युलेशन ही एकच एचटीएमएल फाइल असते, आणि ती उतरवून घेतली की नेटशिवाय चालते. पेन ड्राइव्हवर घ्या, एका मोबाइलवरून दुसऱ्यावर पाठवा, ब्राउझरमध्ये उघडा. आमच्याकडे तासाच्या ऐन वेळी नेट जाणं ही बातमी नसते, म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्या फाइली प्रयोगशाळेच्या संगणकावर ठेवून द्याव्यात. वीज गेली तर मात्र खडू आहेच.

रीत बदलली म्हणजे काय केलं? आता पडदा सुरू करण्याआधी मी प्रश्न फळ्यावर लिहिते आणि मुलांना वहीत उत्तर लिहायला लावते. 'दुसरा दिवा समांतर जोडला तर पहिल्याचं तेज वाढेल, कमी होईल की तेवढंच राहील? का?' दोन ओळी. मग शेजाऱ्याशी वाद. मग पडदा. यात माझी हुशारी काही नाही. हार्वर्डमध्ये एरिक माझूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्गातल्या प्रात्यक्षिकांचा अभ्यास केला होता, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रात्यक्षिक नुसतं पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यामागचं कारण सांगायची वेळ आली, तेव्हा ते न पाहिलेल्यांपेक्षा फारसे पुढे नव्हते. ज्यांनी आधी अंदाज बांधला आणि मग पाहिलं, त्यांना खरा फायदा झाला. पाहणं म्हणजे समजणं नव्हे, हे आपण लग्नाच्या व्हिडिओंवरूनही ओळखायला हरकत नव्हती.

एक बारीक सूचना: अंदाज पेनने लिहून घ्या. पेन्सिलीने लिहिलं तर पडदा सुरू झाल्यावर खोडरबर चालू होतं, आणि जागा कोरी सोडली असेल तर ती मागून भरली जाते. आमची मुलं लबाड आहेत असं नाही. चुकलेलं उत्तर वहीत राहू देणं त्यांना कोणी शिकवलेलंच नाही. चुकीच्या अंदाजाला मी लाल शाई लावत नाही. त्याखाली 'पडद्यावर काय झालं' आणि 'टेबलावर काय झालं' अशा दोन ओळी आखायला लावते. पहिल्या काही तासांत कुरकुर होते. "परीक्षेला अंदाज विचारतात का?" हाही प्रश्न येतो. नाही विचारत. पण नीटचे निम्मे फसवे प्रश्न ज्या समजुतींवर बेतलेले असतात, त्या याच ओळींत सापडतात, असं सांगितलं की गाडी पुढे सरकते.

परिपथाच्याच सिम्युलेशनमध्ये निळे इलेक्ट्रॉन तारेतून सरसर पळताना दिसतात. दिव्याच्या आधी जेवढे, तेवढेच दिव्याच्या नंतर. 'दिव्याने धारा खाल्ली' ही पिढ्यान्पिढ्या चालत आलेली समजूत या एका चित्राने जितकी लवकर जाते तितकी माझ्या भाषणाने कधी गेली नाही. पण जाता जाता ते चित्र दुसरी समजूत पेरून जातं. इलेक्ट्रॉन फार जोरात धावतात, आणि तेच धावत जाऊन दिवा पेटवतात. म्हणून त्याच तासाला एक गणित घालावं. तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेतून १ अँपिअर धारा वाहत असेल, तर इलेक्ट्रॉनांचा सरासरी अपवाह वेग सेकंदाला सुमारे ०.०७ मिलिमीटर येतो. तासाला जेमतेम वीतभर. बटणापासून दिव्यापर्यंत ५ मीटर तार असेल, तर या हिशेबाने बटणापाशी असलेला इलेक्ट्रॉन दिव्यापाशी पोचायला १९-२० तास लागतील. आणि घरातली वीज प्रत्यावर्ती, म्हणजे तो पोचतही नाही. जागच्या जागी मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी मागेपुढे होत राहतो.

वर्ग गप्प होतो. मग दिवा लगेच कसा लागतो? मी विहिरीवरची मोटार आठवायला सांगते: पाइपलाइन आधीच पाण्याने भरलेली असेल तर मोटार सुरू होताच शेताच्या दुसऱ्या टोकाला पाणी पडतं, ते विहिरीतून आत्ता निघालेलं पाणी नसतं. यानंतर पुन्हा सिम्युलेशन उघडून बटण दाबलं की मुलांना आधी न दिसलेली गोष्ट दिसते. सगळे इलेक्ट्रॉन एकाच क्षणी हलायला लागतात. चित्रात हे पहिल्यापासून होतं. धावण्याच्या वेगाकडे डोळे गेले म्हणून ते निसटलं होतं.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे लिखाण जुन्या मास्तरांच्या तक्रारीसारखं वाटेल. कोलोरॅडोतच परिपथाच्या सिम्युलेशनवर एक अभ्यास झाला, तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांनी फक्त सिम्युलेशनवर काम केलं, काहींनी फक्त खऱ्या तारा-बल्बांवर. पुढे दोन्ही गटांना खरा परिपथ जोडायला दिला, तर सिम्युलेशनवाले मागे पडले नाहीत. समजेच्या प्रश्नांत तर ते पुढे होते. मला याचं आश्चर्य वाटत नाही. सैल वायर, गंजलेला होल्डर, संपलेला सेल यांच्याशी झटापट करण्यात आमच्या मुलांचा अर्धा तास जातो आणि मूळ कल्पना बाजूलाच राहते. तेव्हा आधी पडदा की आधी टेबल, या वादात मी पडत नाही. दोन्ही असावीत आणि दोन्हींची गाठ एकाच वहीत पडावी. फक्त एकाने दुसऱ्याची जागा घेतली की गडबड होते.

ती जागा कशी घेतली जाते, हे पाहायचं तर जर्नल तपासावं. दोलकाचा प्रयोग. फेटच्या दोलकाला आवर्तकाल मोजणारं घड्याळ असतं आणि ते दशांशानंतरची बरीच स्थळं दाखवतं. १ मीटर लांबीला २.००७ सेकंद. दर वेळी तेच. एका वर्षी अर्ध्या वर्गाच्या जर्नलमध्ये २० आंदोलनांचा वेळ तीनदा मोजलेला, आणि तिन्ही वेळा ४०.१४. हातातल्या स्टॉपवॉचवर बटण दाबायलाच माणसाला सेकंदाच्या पाचव्या भागाइतका उशीर होतो, मग दशांशाच्या दुसऱ्या स्थळापर्यंत तिन्ही आकडे जुळतील कसे? मी एवढंच विचारलं की तुमच्यापैकी कोणाचा अंगठा इतका अचूक आहे, त्याने पुढे येऊन दाखवावं. प्रयोगशाळेत हशा झाला, जर्नलं पुन्हा लिहिली गेली. पडद्यावरच्या प्रयोगाची वाचनं आणि टेबलावरची वाचनं वेगळ्या पानांवर, वेगळ्या मथळ्याखाली घ्यायला लावा. मिसळू देऊ नका.

याच दोलकाने मला एक चांगला तासही दिला आहे. पुस्तकातलं सूत्र लहान कोनांसाठी असतं आणि प्रयोगशाळेत आम्ही कोन लहानच ठेवतो, त्यामुळे सूत्र कुठे मोडतं ते कोणी पाहत नाही. सिम्युलेशनमध्ये दोलक ९० अंशांपर्यंत ओढता येतो. आवर्तकाल सूत्रापेक्षा सुमारे १८ टक्के जास्त येतो. १० अंशांना फरक पाचशेत एक इतकाच, ३० अंशांना पावणेदोन टक्के. पुस्तकातला 'कोन लहान असावा' हा शब्दप्रयोग मुलं पहिल्यांदा गंभीरपणे वाचतात ती इथे.

आता ट्रॅकर. यावर जरा जास्त वेळ घालवते, कारण शाळा-कॉलेजात याचा वापर फार कमी दिसतो आणि मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. कॅलिफोर्नियातल्या कॅब्रिलो कॉलेजात शिकवणाऱ्या डग्लस ब्राउन यांनी हे सॉफ्टवेअर लिहिलं. मोबाइलवर घेतलेला कोणताही व्हिडिओ त्यात उघडायचा, चित्रात एक माहीत असलेली लांबी दाखवायची, आणि प्रत्येक चौकटीत वस्तू कुठे आहे तिथे खूण करत जायचं. आलेख आपोआप तयार होतो. म्हणजे पडदाही आहे आणि टेबलही आहे, चेंडू मात्र आपला.

आमच्या मुलांनी व्हरांड्यात चेंडू खाली सोडला आणि ट्रॅकरमधून गुरुत्वत्वरण काढलं. एका गटाचं उत्तर ९.७ आलं, दुसऱ्याचं १२.२. दुसऱ्या गटातल्या एका मुलीने थोड्या वेळाने सांगितलं, "मॅडम, जमलं. स्केलची लांबी १ मीटरऐवजी ८० सेंटिमीटर टाकली की बरोबर ९.८ येतं." गटातल्या बाकीच्यांनी तिला गप्प करायचा प्रयत्न केला, कारण ही उघडउघड चोरी होती.

मी त्यांना टेप दिला आणि अंतरं मोजायला लावली. मीटरपट्टी भिंतीला टेकवलेली होती, मोबाइल भिंतीपासून अडीच मीटरवर. चेंडू मात्र भिंतीच्या अर्धा मीटर पुढे सोडला होता, म्हणजे मोबाइलपासून दोन मीटरवर. जवळची वस्तू मोठी दिसते, किती मोठी? अडीच भागिले दोन, म्हणजे सव्वापट. चेंडूचं पडणं सव्वापट मोठं दिसलं, त्वरण सव्वापट आलं: ९.८ चं १२.२५. आणि चेंडूच्या पातळीत पाहिलं तर भिंतीवरची मीटरपट्टी ८० सेंटिमीटरचीच भरत होती. तिची चोरी समरूप त्रिकोणांनी बिनचूक होती! तिने उत्तर जुळवण्यासाठी जो आकडा घुसवला तोच खरा आकडा होता, फक्त कारण माहीत नव्हतं. पट्टी चेंडूच्या पातळीत उभी केली आणि १ मीटरच टाकला, की उत्तर सरळ येतं. हा तास मी ठरवून घेतला असता तर इतका चांगला झाला नसता.

ट्रॅकर वापरणाऱ्यांसाठी आणखी काही गोष्टी. व्हिडिओ उन्हात घ्या. अंधाऱ्या खोलीत बरेच मोबाइल सेकंदाला ३० चौकटी घेण्याऐवजी गुपचूप कमी घेतात, आणि सूत्रात वेळेचा वर्ग येत असल्यामुळे चूक फुगते. खऱ्या २४ असताना ३० धरल्या तर त्वरण दीडपटीहून जास्त येईल. उजेड कमी असेल तर चेंडूही चेंडू राहत नाही: सेकंदाला ५ मीटर वेग आणि सेकंदाच्या साठाव्या भागाएवढं उघडं शटर म्हणजे ८ सेंटिमीटर लांबीचा फराटा, त्यावर खूण कुठे करणार? मोबाइल हातात धरू नका, विटांवर टेकवा. चेंडू गडद आणि भिंत फिकी. बस्स.

ज्यांना मोबाइलच्या सेन्सरमध्ये रस असेल त्यांच्यासाठी जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठाचं 'फायफॉक्स' आहे. आवाजावर चालू आणि बंद होणारं त्यातलं घड्याळ तर एका अख्ख्या तासाचं सामान आहे. ते उतरवून घ्या म्हणजे कळेल.

शेवटी उरतात ती चार-पाच मुलं, जी तास संपला तरी जात नाहीत. त्यांच्यासाठी व्हीपायथॉन. कार्नेगी मेलन विद्यापीठात २००० मध्ये डेव्हिड शेरर या विद्यार्थ्याने ते लिहिलं. रूथ शाबे आणि ब्रूस शेरवूड या प्राध्यापक जोडीने ते आपल्या यामिकीच्या अभ्यासक्रमात आणलं. आज ते ब्राउझरमध्ये चालतं. वीसेक ओळींत स्प्रिंगला लटकलेला गोळा हलायला लागतो, आणि पडद्यावर हलतं ते समीकरण असतं हे मुलांच्या स्वतःच्या बोटांना कळतं.

एका मुलाने असा गोळा बनवला. आवर्तकाल २ सेकंद, दर पाऊल ०.०१ सेकंद. थोडा वेळ पाहिलं तर गोळ्याची झेप वाढत चाललेली. सातव्या आंदोलनाला जवळजवळ दुप्पट. घर्षण नाही, कोणी ढकलत नाही, मग ऊर्जा आली कुठून? त्याने सूत्रं तपासली, चिन्हं तपासली, सगळं बरोबर. चूक क्रमात होती. आधी बल काढायचं, मग जुन्या वेगाने जागा पुढे सरकवायची, मग वेग बदलायचा, असं त्याने लिहिलं होतं. प्रत्येक पावलाला संगणक किंचित जुन्या वेगावर चालत होता आणि ती किंचित चूक नेहमी एकाच दिशेने साठत होती; या आकड्यांना दर आंदोलनात आयाम सुमारे १० टक्क्यांनी वाढतो. शेवटच्या दोन ओळींची अदलाबदल केली, म्हणजे आधी वेग आणि मग त्या नव्या वेगाने जागा, तेव्हा झेप जागच्या जागी राहिली. याच चुकीने सूर्याभोवतीची पृथ्वी हळूहळू बाहेर भिरभिरत जाते. त्यानंतर त्या मुलाने पडद्यावर दिसलेलं काही डोळे झाकून मान्य केल्याचं मला आठवत नाही. 'पाऊल किती घेतलंय?' हा त्याचा पहिला प्रश्न असतो. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम तपासण्यासाठी इतका चांगला प्रयोग मी तरी पाहिलेला नाही, आणि त्याला लागलं काय, तर ऊर्जेचा आलेख काढणारी एक जादा ओळ. ती ओळ पहिल्या दिवसापासून लिहायला लावा.

ग्रहांवरून आठवलं. फेटच्या गुरुत्व आणि कक्षांच्या सिम्युलेशनला दोन पडदे आहेत. एकात पृथ्वी आणि चंद्र छान ठळक दिसतात, दुसऱ्यात खऱ्या प्रमाणात. शिक्षक पहिलाच दाखवतात, कारण दुसऱ्यात काही दिसत नाही. माझं म्हणणं, ते 'काही दिसत नाही' हेच दाखवा. ३० सेंटिमीटरचा भूगोलाचा गोल घ्या, ८ सेंटिमीटरचा चेंडू चंद्र म्हणून घ्या आणि तो किती लांब धरायचा ते मुलांना ठरवू द्या. बहुतेक जण हातभर अंतरावर धरतात. खरं अंतर ९ मीटर, म्हणजे मुलगा वर्गाबाहेर व्हरांड्यात जातो. सूर्य याच प्रमाणात साडेतीन किलोमीटरवर येईल, ३३ मीटर व्यासाचा. आमच्याकडे तो एसटी स्टँडच्या पलीकडे, पेट्रोल पंपाच्या आसपास येतो.

आता कुठे पडदा वापरू नये, तेही सांगते. भिंग असताना भिंगाचं सिम्युलेशन कशाला? खिडकीसमोर भिंग धरून भिंतीवर बाहेरच्या झाडाची उलटी प्रतिमा पाडावी, मग हवं तर किरणाकृती पडद्यावर काढावी. पाण्यातल्या तरंगांना परात पुरते. ताणलेल्या दोरीवरचा स्पंद मुलांनी हाताने सोडावा, त्याचं परत येणं मनगटाला जाणवू द्यावं. तोच स्पंद संथ करून, थांबवून, सुट्या टोकावरून तो पालथा न होता कसा परततो हे पाहायचं असेल तेव्हा फेटकडे जावं, कारण सुटं टोक टेबलावर जमवणं कटकटीचं आहे. घर्षणाचे प्रयोग तर पडद्यावर मला मुळीच पटत नाहीत.

जे डोळ्यांना दिसूच शकत नाही तिथे मात्र पडद्याला पर्याय नाही: विद्युतक्षेत्र, चुंबकीय क्षेत्र, वायूचे रेणू. तिथे ताडून पाहायला टेबल नसतं, म्हणून जास्त सावध राहावं लागतं. वायूच्या सिम्युलेशनमध्ये रेणू रंगीत गोळ्या होऊन डब्याच्या भिंतींवर आपटतात, तापवले की जोरात आपटतात, आणि दाब म्हणजे काय ते एका मिनिटात पोचतं. रेणूंना रंग असतो का, हे मुलं स्वतःच विचारतात, त्याची काळजी नसावी. न विचारला जाणारा प्रश्न वेगळा असतो, तो आपण विचारायचा. चित्र थांबवा, दोन गोळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवा आणि वहीत लिहायला सांगा: इथे काय आहे? बहुतेक वह्यांत उत्तर येतं, 'हवा'. त्या उत्तरावर प्रोजेक्टर बंद करून अर्धा तास बोलता येतं.